धाकट्याचं लग्न आणि ताईची फाईल

त्या माउलीनं धाकट्या मुलाला माझ्याकडे धुळ्याला समुपदेशनासाठी आणलं, ते 'हा लग्नाला तयार होत नाही' या तक्रारीवर. अमळनेर तालुक्यातलं गाव, घरची कपाशीची शेती. वडील चार वर्षांपूर्वी गेलेले. थोरला गावातच, त्याला एक मुलगी, एक मुलगा. धाकटा एकोणतीस वर्षांचा, शिरपूरला नोकरीला, निर्व्यसनी. वर्षभरात तीन चांगली स्थळं त्यानं स्वतःहून परत पाठवली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, लिहायची परवानगी घरच्यांनी दिली आहे.)

आई समोर असताना तो बोलला नाही. दुसऱ्या भेटीला एकटा आला आणि कारण सांगितलं. मोठी बहीण न्यू जर्सीत असते, गेल्या वर्षी तिला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, "ताई आईचे पेपर टाकेल, आईला ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळाली की आई तुझे टाकेल. पण तू बिनलग्नाचा हवास. लग्न केलंस की फाईल गेली."

अर्धवट खरं असलेली माहिती माणसाला फार अडकवते. त्याला मिळालेलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, फक्त त्यात वर्षं कुणी सांगितली नव्हती.

"बहिणीनं आईचे पेपर टाकले की भाऊही सोबत जातात ना?" हा प्रश्न मला इतक्या घरांनी विचारला आहे की उत्तर इथे सविस्तर लिहिते. मी वकील नाही. पण या प्रकरणात ताईनं तिथल्या वकिलाकडून सगळं समजून घेतलं आणि आम्ही तिच्यासोबत व्हिडिओ कॉलवर तीनदा बसलो.

अमेरिकेचा नागरिक एकवीस वर्षांचा झाला की आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो. नुसतं ग्रीन कार्ड असेल तर आईवडील आणि भावंडं, कुणासाठीच करता येत नाही. आईवडिलांच्या व्हिसांना वार्षिक मर्यादा नाही, त्यामुळे त्यांची वर्षानुवर्षांची रांग नसते. कागद तपासणी आणि मुंबईतली मुलाखत यांना लागेल तेवढाच वेळ. पण आईच्या अर्जावर फक्त आई जाते. तिच्यासोबत मुलं जोडता येत नाहीत. भावासाठी ताईला वेगळा आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचा) अर्ज भरावा लागतो, प्रत्येक भावाचा स्वतंत्र.

आणि तिथेच सगळी गाठ आहे. भावंडांच्या गटाला, ज्याला एफ-४ म्हणतात, जगभर मिळून वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा मिळतात, आणि त्यात बायको-मुलंही मोजली जातात. शिवाय एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा. २०२५ मध्ये भारतीय भावंडांची रांग २००६ साली टाकलेल्या अर्जांवर होती. एकोणीस वर्षं. आईनं अविवाहित मुलासाठी टाकायचा जो गट, त्याची रांग तेव्हा २०१६ च्या अर्जांवर होती. म्हणजे तिथेही नऊ वर्षांच्या आसपास, तेही आईला ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर मोजायची.

मी त्याला कागदावर आकडे मांडायला लावले. त्यानं स्वतःच लिहिलं: अडतीस, कदाचित चाळीस. तोवर बिनलग्नाचं राहायचं. बराच वेळ तो त्या कागदाकडे बघत बसला होता.

त्याला कुणीच न सांगितलेली गोष्ट अशी की ताईनं भाऊ म्हणून टाकलेल्या अर्जाला लग्नाची आडकाठी नाही. लग्न झालं तरी अर्ज टिकतो, आणि नंबर येईल तेव्हा बायको आणि एकवीसच्या आतली अविवाहित मुलंही सोबत जाऊ शकतात. थोरल्याच्या बाबतीत मात्र हेच उलट बाजूनं लागलं. त्याची मुलगी आज अकरा वर्षांची. अर्ज मंजूर व्हायला जो काळ लागतो तेवढा तिच्या वयातून वजा होतो, रांगेतला सगळा काळ नाही. म्हणजे नंबर येईल तेव्हा ती बापाच्या अर्जात बसेलच असं नाही. थोरला हे ऐकून चिडला. "मग ताईनं आधी का नाही सांगितलं?"

या प्रश्नावर ताई कॉलवर रडली. वडील दवाखान्यात असताना तिनं फोनवर शब्द दिला होता, "दोघांना घेऊन येईन." वीस वर्षांची रांग तिला ठाऊक होती, पण खरं सांगितलं तर भावांना वाटेल आपण टाळतोय, म्हणून ती "प्रोसेस चालू आहे" म्हणत राहिली. इकडे भाऊ समजत होते, जावई आडवे येतात. सरकारच्या रांगेचा हिशेब या घरात बहिणीच्या मायेवर लागत होता, आणि दोन्हीकडची माणसं त्यानं झिजत होती. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त दुखलं ते हेच.

तिच्यावरचा भारही भावांना माहीत नव्हता. आई न्यायची तर तिला उत्पन्नाची हमी लिहून द्यावी लागते, तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट. ती हमी आई नागरिक होईपर्यंत किंवा आईच्या खात्यात सुमारे दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत सहसा सुटत नाही. पासष्टीच्या आईच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे: ताईवरचा भार अनेक वर्षांचा.

आणि आई? सगळा बेत तिच्या जाण्यावर उभा, पण तिला एकानंही विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माले कोणी इचारंच नही. तठे दिवसभर कोनासंगे बोलू?" ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहायचं असतं, वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर ते गमवायची वेळ येते. मुलाच्या नंबरासाठी तिला नऊ-दहा वर्षं घर सोडावं लागलं असतं. "आखाजीले पोर माहेरले येस," एवढंच पुढे म्हणाली. (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकीनं माहेरी यायचा सण.)

आईचा अर्ज ताईनं थांबवला. सहा महिने राहून यायला पर्यटक व्हिसा आधी पाहायचं ठरलं. स्थलांतराचा अर्ज कधी झाला आहे का, हे त्या फॉर्ममध्ये विचारतात आणि खरंच लिहावं लागतं, म्हणूनही घाई नको होती. भावांचे दोन्ही अर्ज ताईनं टाकले, कारण रांगेतली तारीख अर्ज पोचल्या दिवसाची धरतात. त्यासाठी तिघांच्या जन्मदाखल्यांवर आईवडिलांची नावं जुळणं गरजेचं होतं. थोरल्याच्या जन्माची नोंदच सापडेना. ग्रामपंचायतीतून नोंद नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं करण्यात दोन महिने गेले. ज्यांच्या घरी हा विषय आहे त्यांनी हे कागद आजच काढून बघावेत, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एक आहे का तेही.

थोरल्यानं अमेरिकेच्या आशेवर विहिरीचं काम दोन वर्षं अडवून ठेवलं होतं, ते उन्हाळ्यात सुरू केलं. ताईशी तो अजून मोजकंच बोलतो.

धाकटा शेवटच्या भेटीला बायोडाटा घेऊन आला. मामांनी त्यात 'अमेरिकेला जाण्याची प्रक्रिया सुरू' अशी ओळ घातली होती. ती त्यानं माझ्यासमोर खोडली. पारोळ्याचं एक स्थळ बघायला जायचं होतं. मुलीला रांगेची खरी वर्षं आपणच सांगू, मामांना मध्ये घालणार नाही, म्हणाला.