विजेच्या बिलामागच्या चार ओळी

तुम्ही विचारलंय, 'तुम्ही कशासाठी लिहिता, आणि मन लागत नसेल तेव्हा लिहिणं चालू कसं ठेवता?' माझं पुस्तक वगैरे आलेलं नाही. पारोळा तालुक्यात शेती आहे, कापूस आणि मका. पण बारा वर्षं झाली, वही सुटलेली नाही, म्हणून सांगतो.

माझी आजी अहिराणीत गाणी म्हणायची. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी निंबाला झोका बांधायच्या तेव्हाची, पहाटेच्या दळणाची. बरीचशी तिनं स्वतःच जुळवलेली. पुरणाचा मांडा तिच्या दोन्ही हातांवर फिरत फिरत पार कोपरापर्यंत पसरायचा, आणि तो खापरावर पडेपर्यंत तिची ओळ पुरी झालेली असायची. मी बारावीत असताना एकदा हाताशी विजेचं बिल होतं, त्याच्या पाठीमागे चार ओळी उतरवून घेतल्या. बाकीच्या नंतर लिहू म्हटलं. "आते कोन ऐकस रे भाऊ?" ती म्हणाली आणि पुढचा उंडा हातात घेतला.

नंतर ती गेली. ते बिल अजून माझ्याकडे आहे. पाचवी ओळ कशी सुरू व्हायची, हे घरात कोणालाच आठवत नाही.

मी लिहितो ते यामुळे.

आमच्या खान्देशात बहिणाबाई चौधरींचं नाव सगळेच घेतात. असोद्याच्या त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. कामाच्या नादात गाणी म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी जमली तेवढी लिहून घेतली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. मग सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांची प्रतिभा थोर होतीच, पण मला राहून राहून आठवतो तो वही घेऊन शेजारी बसलेला मुलगा. मी तसा बसलो नाही, ही बोच जात नाही.

आता लिहिणं टिकतं कसं? आमच्याकडे शेतीची लाईट बरेचदा रात्रीची असते. मोटर चालू केली की बारे द्यायला, म्हणजे पिकाला सरीसरीनं पाणी द्यायला, थांबावंच लागतं, झोपता येत नाही. एक सरी भरेपर्यंत बॅटरीच्या उजेडात वहीत लिहितो, पाणी शेवटाला पोचलं की उठून बारं मोडतो, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवतो, पुन्हा येऊन बसतो. कधी दोनच ओळी होतात. वहीला चिखलाचे डाग आहेत. पण जागा ठरली, वेळ ठरली, त्यामुळे आज लिहावंसं वाटतंय का, हा प्रश्नच मनात येत नाही. तुम्हालाही असं एखादं थांबावंच लागणारं काम असेल, तर वही तिथेच ठेवा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं, १९५२ नंतर पहिल्यांदा. मीही गेलो होतो. उभारी आली, पण खरं सांगायचं तर आठवडाभर पुरली. त्याहून जास्त पुरते ती माझी आई. लिहिलेलं तिला वाचून दाखवतो. ती वाहवा करत नाही, चुका काढते. परवा मी 'जातं' लिहिलं होतं. ऐकता ऐकता तिनं हात वर केला, "जातं नही, घट्या." मी खोडून 'घट्या' केलं. तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून ती गप्प झाली, आणि मग हलक्या आवाजात सासूचं एक गाणं म्हणू लागली. मी ते कधीच ऐकलेलं नव्हतं. सहा ओळी होत्या. या वेळी सगळ्या लिहून घेतल्या.