अँटिव्हायरस राहू दे, आधी एपीके थांबव

भाऊ, नवा फोन घेतलास आणि कोणता अँटिव्हायरस टाकू म्हणून विचारतोस. माझ्या मते सध्या कोणताच नको. अँड्रॉइडमध्ये प्ले प्रोटेक्ट (गूगलची अ‍ॅप तपासणारी सोय) असतंच, आणि परवानगीशिवाय कुठल्याही अ‍ॅपला तुझे मेसेज वाचता येत नाहीत. पण परवानगी देणारा तूच ना!

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर ‘पीएम किसान’ नाहीतर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल, येऊन पडते. फोन अडवतो, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, टाकू का? लोक न वाचता ‘अलाऊ’ दाबतात. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. दिली की ओटीपी गेला. अ‍ॅक्सेसिबिलिटी (अपंगांना फोन वापरता यावा म्हणून असलेली परवानगी) दिलीस तर त्याहून वाईट, स्क्रीन वाचणं, बटणं दाबणं सगळं त्याच्या हातात. फाइल सख्ख्या काकांकडून आली तरी उघडू नकोस, त्यांचंच व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या ताब्यात असेल. (गुड मॉर्निंगवाल्या काकांवर तर माझा अजिबात भरवसा नाही.)

अपडेट आलं की करून टाक. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या जुन्या फोनवर बँकेचं अ‍ॅप ठेवू नकोस.

पैसे गेलेच, तर जळगावच्या सायबर पोलीस ठाण्याची एसटी शोधत बसू नकोस. आधी नेट बंद कर आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळव.