गणपतीला गुण नाहीत का? लेकीला पत्र

लाडके,

तुझा निरोप ऐकला. ऋषिपंचमीला आजीनं तुला पहाटे उठवून दगडूशेठला नेलं, हजारो बायकांबरोबर तू अथर्वशीर्ष म्हटलंस, आणि घरी येऊन अर्थ वाचताना ‘त्वं गुणत्रयातीतः’पाशी अडकलीस. प्रश्न तुझ्याच शब्दांत असा: “गणपती तीन गुणांच्या पलीकडे असेल तर त्याला गुणच नाहीत का? मग आजी मला ‘गुणी बाळ’ का म्हणते? गुण असलेले चांगले की नसलेले?” शेवटी जाता जाता आणखी एक: शेजारच्या ताईचे २८ गुण जुळले म्हणजे किती टक्के?

फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखं हे नाही. इथे म्युनिकला आज रविवार, दुकानंसुद्धा बंद, तेव्हा निवांत लिहिते.

शब्द एकच असला तरी आजीचा गुण वेगळा आणि अथर्वशीर्षातला वेगळा. आजीचा गुण म्हणजे चांगुलपणा. अथर्वशीर्षातला गुण कळायला तुझी वेणी पुरे. शाळेत जाताना आजी तुला तिपेडी वेणी घालते, त्यातल्या एकेका पेडाला संस्कृतात गुण म्हणता येईल. दोरीचा पदर, सूत, आख्खी दोरीसुद्धा गुणच. धनुष्याला लावतात ती दोरीही गुण, आणि त्यावरून एका जुन्या सुभाषितात छान कोटी केली आहे. माणूस कुणाच्याही पोटी जन्मलेला असो, गुणवान असला की त्याला मान मिळतो. धनुष्य शुद्ध वंशातलं असलं तरी निर्गुण असेल तर काय कामाचं? वंश म्हणजे कूळ आणि वंश म्हणजे बांबूही. बांबू कितीही उत्तम असला तरी दोरीवाचून बाण सुटायचा नाही. पेठेतल्या घराण्याचा तोरा मिरवणाऱ्या काही मंडळींना मला हे ऐकवायचं असतं, पण अजून धीर झालेला नाही.

आता ते तीन गुण. सांख्य नावाचं एक जुनं दर्शन आहे. त्याच्या मते दगड, झाड, आपलं शरीर, आपलं मनसुद्धा, सगळं तीन पदरांचं आहे: सत्त्व, रज आणि तम. सत्त्व हलकं आणि उजळ, रज चळवळ्या, तम जड आणि झाकून टाकणारा. एकटा पदर कुठेच नसतो. वेणी घालताना कधी हा पेड वर येतो कधी तो, तसंच यांचं. पहाटे पांघरूण सोडवत नाही तेव्हा तम वर, एका जागी बसवत नाही तेव्हा रज वर. गीतेचा १४वा अध्याय या तिघांवरच आहे आणि त्यात एक क्रियापद अगदी नेमकं आलंय: ‘निबध्नन्ति’, म्हणजे बांधतात. तम आळसानं आणि झोपेनं बांधतो, रज कामाच्या हव्यासानं. आणि सत्त्व? तेही बांधतंच, सुखाच्या आणि ज्ञानाच्या ओढीनं. मला त्या अध्यायात सगळ्यात आवडतं ते हेच. आळस वाईट हे कुणीही सांगेल, पण चांगुलपणाचीही दोरी होते असं सांगायला धाडस लागतं.

तर गणपती गुणत्रयातीत, म्हणजे या वेणीत न सापडलेला. तो चांगला की वाईट हा विषयच तिथे निघालेला नाही.

एवढ्यानं सुटका झाली असं समजू नकोस. संध्याकाळी त्याच गणपतीपुढे आरत्या म्हणताना दत्ताची आरती येते, एकनाथांची. ती सुरूच होते ‘त्रिगुणात्मक’ या शब्दानं. सकाळी देव तिन्ही गुणांच्या पलीकडचा आणि संध्याकाळी तिन्ही गुणांचा बनलेला! ब्रह्मदेव रज, विष्णू सत्त्व, महेश तम, आणि तिघांचा मिळून दत्त. आपल्या लोकांना यात कधी अडचण वाटली नाही. पुण्याच्या एका अंगाला आळंदी आणि दुसऱ्या अंगाला देहू. आळंदीला समाधी घेतलेल्या ज्ञानोबांनी देवालाच विचारलं की तुला सगुण म्हणू की निर्गुण, आणि लगेच स्वतःच सांगून टाकलं की दोन्ही मिळून एकच गोविंद. देहूच्या तुकोबांनी तर ‘गुण गाईन आवडी’ म्हणून वादच ठेवला नाही. तुकोबांचे हे गायचे गुण मात्र दोरीचे पदर नव्हेत हं. ती देवाची थोरवी, त्याची माया. आजीच्या गुणाच्या जवळचा गुण तो.

आजीच्या तोंडी हा शब्द दिवसभर असतो, जरा कान देऊन ऐक. काढ्यानं खोकला थांबला की ‘गुण आला’. अमक्या डॉक्टरांच्या ‘हाताला गुण’ आहे. दही जड, पपई उष्ण, हे जे ती जेवताना ऐकवते ते आयुर्वेदातलं. तिथे जड-हलकं, थंड-उष्ण, स्निग्ध-कोरडं अशा १० जोड्या, म्हणजे २० गुण सांगितलेत. तू फरशीवर रंग सांडलास की ‘उधळलेस गुण?’, तिथे शब्द तोच पण तोंड वाकडं. आणि नवी सून आल्यावर घरात काही बरं घडलं तर तिचा ‘पायगुण’. हा शब्द मला मुळीच सोसत नाही. बरं झालं तर पायगुण आणि वाईट झालं तर त्याच बिचारीचे पाय पांढरे. चालणारीला मात्र कुणी काही विचारलेलं नसतं. ‘गुणी’वरूनही आजीचं आणि माझं जुनं भांडण आहे. ती ‘गुणी मुलगी’ म्हणते तेव्हा अर्ध्या वेळा तिला ‘गप्प बसणारी मुलगी’ म्हणायचं असतं. त्या हिशेबानं तू गुणी नाहीस, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हणही तिचीच आवडती. दोन बैल शेजारी बांधले तर एकाचा रंग दुसऱ्याला लागत नाही, खोडी मात्र लागतात. तुला ती कोणत्या मैत्रिणीवरून ऐकावी लागते ते मला ठाऊक आहे. पण न्यायशास्त्र शिकलेल्या एखाद्या शास्त्रीबुवांपुढे ही म्हण काढलीस तर ते हरकत घेतील. वाण म्हणजे वर्ण, रंग. आणि न्यायाच्या जोडीचं जे वैशेषिक दर्शन, त्याच्या मते रंग हाच मुळी पहिला गुण! ते दर्शन मांडणाऱ्या कणादांनी १७ गुण मोजले, पुढे त्यावर लिहिणाऱ्या प्रशस्तपादांनी ते २४वर नेले. त्या यादीत रूप, रस, गंध, स्पर्श आहेत, संख्या आहे, सुख आहे, आणि दुःख नि द्वेषसुद्धा आहेत. द्वेष हा गुण कसा, म्हणशील. तिथे गुण ही शाबासकी नव्हेच. ज्याला स्वतःच्या जिवावर राहता येत नाही, कशाच्या तरी आधारानं राहावं लागतं, तो गुण. आंबा नसेल तर त्याचा पिवळेपणा कुठे ठेवणार?

माझ्या मते सगळ्या गोंधळाची किल्ली इथे आहे, आणि ती तुझ्या ओळखीच्या एका शब्दात लपली आहे: गौण. हा शब्द गुणापासूनच झालाय. यज्ञाच्या वाक्यांचा काथ्याकूट करणारे मीमांसक होते. त्यांच्याकडे अग्निहोत्राचा होम करावा हे मुख्य, आणि ‘दह्यानं होम करावा’ असं पुढे वाक्य आलं की त्यातलं दही हा गुण. वाटीतलं दही, चक्क गुण! मुख्य कामाला टेकून जे येतं ते गुण, म्हणून गौण. तलाठी कार्यालयात वाळू-मुरमाला ‘गौण खनिज’ म्हणतात ना, तेही याच घरातलं. आता तुझ्या गुणपत्रिकेतले गुण यातल्या कोणत्या अर्थानं गुण, ते तू ठरव. माझं मत मी सांगितलं तर बाबा रागावतील.

जैनांकडे या शब्दाची दिशाच बदलते. त्यांच्याकडे १४ गुणस्थानं आहेत, आत्म्याच्या चढत्या पायऱ्या. म्हणजे गीतेत गुणांतून सुटायचं आणि तिथे गुणस्थानं चढत जायचं. तुझ्या वर्गात कुणी असेल तर तिच्या आजीला विचार. माझ्यापेक्षा नीट सांगेल.

संस्कृतच्या तासाला मात्र हा शब्द तुला वेगळ्याच वेषात भेटणार आहे. पाणिनीच्या व्याकरणातलं दुसरंच सूत्र आहे ‘अदेङ् गुणः’. अ, ए आणि ओ या तीन स्वरांना गुण म्हणावं, बस्स. इथेही नेमके तीनच निघाले, पण सत्त्व-रज-तमाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. गण आणि ईश जवळ आले की अ आणि ई मिळून ए होतो, तो गुण: गणेश. त्याला उत्सव जोडला की अ आणि उ मिळून ओ होतो, तोही गुण: गणेशोत्सव. तेव्हा अथर्वशीर्ष काही म्हणो, गुण झाल्याशिवाय गणेशाचं नावसुद्धा तयार होत नाही. व्याकरणवाल्यांनी देवालाही सोडलं नाही.

गणिताचं तू म्हणशील त्याआधी मीच सांगते. दोरीला एक पीळ देऊन दुमडली की ती द्विगुण, तीन पदरी केली की त्रिगुण. तिथून ‘इतक्या पट’ हा अर्थ आला आणि गुणाकार आला. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लीलावती लिहिली, त्यातले गुण्य आणि गुणक हे शब्द तुझ्या पुस्तकात जसेच्या तसे आहेत. फक्त भास्कराचार्य गुणायला ‘हन्’ धातू वापरतात, म्हणजे गुणकानं गुण्याला हाणायचं. सातचा पाढा म्हणताना तुझा जो चेहरा होतो तो पाहता त्यांचं काही चुकलं नाही.

आपल्या कपाटात वरच्या फळीवर आपट्यांचा जाड संस्कृत कोश आहे. आजोबांचा, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेला. वामन शिवराम आपटे हे फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य. त्यांचा कोश १८९०मध्ये पुण्यातच निघाला. खुर्चीवर चढून तो काढ आणि ‘गुण’ उघड. वीणेची तार, दिव्याची वात, राजानं शत्रूशी वागायच्या सहा युक्त्या, काय काय निघतं बघ. गुण म्हणजे आचारी असाही अर्थ जुन्या कोशांत दिलाय, आणि गुण म्हणजे भीम असाही. विराटाच्या घरी भीम बल्लव नावानं स्वयंपाकी होता, ते तुला माहीतच आहे. आणि आपट्यांनी भागलं नाही तर येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. तिथे १९४८ साली एक महाकोश सुरू झाला. सुमारे १५०० ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या हातानं लिहिल्या, पहिला भाग १९७६ला आला, आणि काम अजून ‘अ’मध्येच आहे. ‘गु’पर्यंत पोहोचेपर्यंत तू आजी झालेली असशील. पुण्यात असल्या कामाला कुणी उशीर झाला असं म्हणत नाही, हे मला पुण्याचं फार आवडतं.

आता ताईचे २८. एकूण गुण ३६ असतात, तेव्हा सुमारे ७८ टक्के. बोर्डात विशेष प्राविण्य. १८ जुळले की पास. पण ३६च का, ते मजेदार आहे. पंचांगात आठ गोष्टी जुळवतात: वर्णाला १ गुण, वश्याला २, ताऱ्याला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशिकूटाला ७ आणि नाडीला ८. कर बेरीज. माझा यावर विश्वास नाही, बेरीज मात्र सुरेख आहे. स्वभाव, पगार, घोरणं, यातलं काहीच त्या आठात नाही, हे ताईला सांगायला हरकत नाही, पण साखरपुड्यानंतर सांग.

आणि एक गंमत. दोन माणसांचं अजिबात पटत नसलं की आपण त्यांचा छत्तीसचा आकडा आहे म्हणतो. वहीत ३ आणि ६ शेजारी शेजारी लिहून बघ, दोघांनी एकमेकांकडे पाठ केलेली दिसेल. म्हणजे पंचांगात ३६ला पैकीच्या पैकी आणि बोलण्यात ३६ला कायमचं भांडण. आजीला विचार, ३६ गुण जुळलेल्या नवरा-बायकोचा छत्तीसचा आकडा असू शकतो का? ती कुणाकुणाची नावं घेते ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई