घर घेतलं, तरी मुलगी ‘परराज्यातली’ कशी?

दर एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून हेच ऐकू येतं : “इथे कर भरतो, घर घेतलं, मग फी परराज्याची का?” (राज्याच्या विद्यापीठात तिथल्या रहिवाशांना फी कमी असते, बाहेरच्यांना बरीच जास्त.) आणि लगेच खापर फुटतं व्हिसावर.

या घरातही तसंच झालं होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आलेलं कुटुंब. वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आई आणि मुलगी एच-४ या त्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर. मुलीला २०२४च्या फॉलसाठी, म्हणजे सप्टेंबरच्या सत्रासाठी, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो कॅम्पसमध्ये प्रवेश मिळाला. बिलात परराज्याचे म्हणून वर्षाला ३४,२०० डॉलर जास्तीचे.

“ग्रीन कार्ड नाही म्हणून. आम्हीच तिचं नुकसान केलं,” आई म्हणाल्या. माझ्याशी झालेल्या पहिल्या दोन भेटी या एका वाक्याभोवतीच फिरल्या. अपराधीपणाशी वाद घालून तो हटत नाही, त्याच्यासमोर तारखा मांडाव्या लागतात, असं माझं मत आहे. तिसऱ्या भेटीत टेबलावर कॅलेंडर ठेवलं.

“ताई, एच-१बी आणि एच-४वाल्यांना या विद्यापीठात रहिवासी होता येतं. अडलंय ते दिवसांवर. लायसन्स कधी बदललं?”

“फेब्रुवारीत.”

“आणि गाडीची नंबरप्लेट?”

वडील जरा थांबले. “मार्चच्या पहिल्या आठवड्यात. पण घर तर डिसेंबरमध्येच घेतलं होतं ना!”

घर हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे. सत्र सुरू होण्याच्या सुमाराला एक ठरलेली तारीख असते. तिच्या आधी सलग ३६६ दिवस राज्यात प्रत्यक्ष राहणं आणि इथेच कायम राहण्याचा इरादा, दोन्ही एकाच वेळी दिसावं लागतं. चोवीस वर्षांखालच्या, पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकांपैकी निदान एकाचं हे जुळायला हवं. मुलगी अठराची झाली की राज्याचं ओळखपत्र किंवा लायसन्स तिच्याही नावाचं लागतं. इरादा कागदांवरून वाचतात : रहिवासी म्हणून भरलेला राज्याचा कर, लायसन्स, गाडीची नोंदणी, जुन्या राज्याशी तोडलेले धागे. इथे राहायला आल्यावर कायद्याने लायसन्ससाठी १० दिवस मिळतात, गाडीसाठी २०. लोक महिनोन्‌महिने काढतात, आणि सगळ्यात उशिरा बदललेला कागदच विद्यापीठाच्या अधिकाऱ्याला खुपतो. (पुराव्यांच्या यादीत मतदार नोंदणीही असते. नागरिक नसाल तर तिच्या वाटेला जाऊ नका, तो गुन्हा आहे.)

मग मी कॅलेंडरवर बोट सरकवलं. सप्टेंबर २०२४ : दिवस अपुरे. जानेवारी २०२५ : प्लेट आड येते. मार्चअखेर, स्प्रिंग क्वार्टर (वर्षाच्या तीन सत्रांपैकी शेवटचं) : ३६६ पूर्ण.

आई बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिल्या. “म्हणजे चार वर्षं नाही? दोनच क्वार्टर?”

दोनच. २२,८०० डॉलर जाणार, कारण वर्गवारी मागच्या तारखेपासून बदलत नाही. स्प्रिंगचे ११,४०० वाचू शकतात, पण आपोआप नाही. मुदतीत नव्याने अर्ज करून दोन्ही वर्षांची करविवरणं जोडावी लागतात. वडिलांनी तिथेच फोनमध्ये स्मरणसूचना लावली. मला त्या स्मरणसूचनेचं फार कौतुक वाटलं, कारण महिनाभरात पहिल्यांदाच त्या घरात कुणी पुढचं काही ठरवलं होतं.

उठता उठता आईंनी विचारलं, “आणि ती एकवीसची झाली की?”

“तेव्हा एच-४ संपतो. ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेली, तर या विद्यापीठात त्या व्हिसावर रहिवासी होता येत नाही. त्याआधी ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आलाय, हे वकिलांना आजच विचारा.”