युनिटेरियन आणि यहोवाचे साक्षीदार एकच का?

प्रश्न: महर्षी विठ्ठल रामजी शिंदे युनिटेरियन शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले होते. युनिटेरियन म्हणजेच यहोवाचे साक्षीदार का? दोघेही त्रैक्य मानत नाहीत ना?

उत्तर: नाही, आणि ही गल्लत फार जण करतात. त्रैक्य नाकारणं एवढंच दोघांत समान आहे. नाकारण्याची कारणं पार निराळी.

त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव; ही शिकवण 325च्या नायसिया आणि 381च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदांत पक्की झाली. युनिटेरियनांच्या मते देव एक आणि येशू माणूस, थोर गुरू. ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रोमानियात) फेरेन्ट्स डाविड यांनी ही चळवळ उभी केली. 1579 मध्ये ते देवाच्या किल्ल्यात कैदेतच वारले (देवा हे गावाचं नाव). शिंदे 1901 ते 1903 ऑक्सफर्डमधल्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. प्रार्थना समाजाच्या माणसाला हा एकेश्वरी विचार परका वाटणं शक्यच नव्हतं.

साक्षीदार येशूला निव्वळ माणूस मानत नाहीत. तो देवाची पहिली निर्मिती, आणि पवित्र आत्मा म्हणजे व्यक्ती नव्हे, देवाची शक्ती. त्यांच्या बायबलात योहान 1:1 काढून पाहा: ‘शब्द (म्हणजे येशू) देव होता’ऐवजी शब्द ‘एक देव’ होता, असा अर्थ केलेला दिसेल. येशूच्या मृत्यूचा स्मारकविधी वर्षातून एकदाच, ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या 14 ला. भाकर आणि द्राक्षारस सगळ्यांच्या हातून फिरतात, पण स्वर्गात जाण्याची आशा बाळगणारे मोजकेच ते घेतात.

त्रैक्य न मानणारा आणखी एक ख्रिस्ती पंथ, वननेस पेंटेकॉस्टल, तर तिसऱ्याच टोकाला: त्यांच्या लेखी येशू हाच संपूर्ण देव, म्हणून बाप्तिस्मा फक्त येशूच्या नावाने.