ड्रोन आणि विमानं एकाच आकाशात आणताना नेतृत्वापुढचं खरं आव्हान कोणतं?

तंत्रज्ञान नाही. सही कुणी करायची, हे.

मी उसाचे आणि गावठाणाचे ड्रोन सर्व्हे करतो. निवडणुकीच्या दिवसांत एका साखर कारखान्याच्या शिवारात काम चालू होतं. सकाळी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारी पोर्टलचा, नकाशा पाहिला, हिरवागार. म्हणजे ४०० फुटांपर्यंत कुणाला विचारायची गरज नाही. ड्रोन ६० मीटरवर असताना टेकडीआडून हेलिकॉप्टर आलं. सभेसाठी शाळेच्या मैदानावर चुन्याने एच काढलाय हे गावातल्या पोरासोरांना माहीत, नकाशाला नाही! घाबरून बोट आरटीएचवर, म्हणजे ड्रोनला आपोआप परत बोलावणाऱ्या बटणावर, गेलं होतं. दाबलं असतं तर ड्रोन परत यायच्या आधी ठरवलेल्या १०० मीटरवर चढला असता, थेट त्याच्या वाटेत. हातानेच खाली घेतला, तो उसात आदळला. दोन प्रॉपेलर आणि कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल गेला.

तासाभरात पोलीस. "परवानगी दाखवा." मी हिरवा झोन दाखवला. "गुगल मॅप नको, कागद दाखवा."

२०२१ च्या ड्रोन नियमांत यावर उपाय आहे. एसपी दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे ड्रोनबंदीचा भाग, जाहीर करू शकतो, फक्त तो डिजिटल स्कायवर टाकावा लागतो. टाकला असता तर मी त्या दिवशी ड्रोन पेटीतून काढलाच नसता. नंतर पोलिसांकडे चौकशी केली तर उत्तर मिळालं: हेलिपॅड बांधकामवाल्यांचं, बंदोबस्त आमचा, आकाश दिल्लीचं.

तुम्ही नेतृत्व म्हणता ते इथे अडतं. विमानतळाभोवतीचे झोन ठरलेले आहेत, तिथे निदान विचारायचं कुणाला हे कळतं. शिवारातल्या चारशे फुटांना वालीच नाही. जिल्ह्यात एका माणसाच्या नावावर हे काम टाका, मग यूटीएमच्या, म्हणजे ड्रोनच्या वाहतूक नियंत्रण यंत्रणेच्या, गप्पा मारा.

हां, विमानाला वाट आधी द्यायची हा नियम मलाही लागू आहे, आणि आकाशावर नजर ठेवायला उभा केलेला माझा पोरगा तेव्हा चहा आणायला गेला होता. ती चूक माझी.

पण आमचे मेहुणे, आयुष्य एटीसीत, विमानांच्या वाहतूक नियंत्रणात, काढलेले, दर दिवाळीला म्हणतात, "तुम्हा ड्रोनवाल्यांना सरसकट बंदी हवी." भाऊजी, २०१४ ते २०१८ बंदीच होती. तेव्हा लग्नात ड्रोन उडत नव्हते का? तुमच्याच मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ काढून बघा.