शिडाची बोट, डिझेल आणि पंखा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: 34 फुटी बोट, 29 एचपी इंजिन, टाकी 140 लिटरची. वारा पडला तर मुंबई-गोवा नुसत्या इंजिनवर जमेल का? ब्रोशरमध्ये ताशी साडेसात लिटर वाचून घाम फुटलाय.

तो आकडा फुल थ्रॉटलचा, 3600 आरपीएमचा, तसं दिवसभर कोण चालवतंय. छोट्या डिझेलला एक एचपी तासभर काढायला ढोबळमानाने पाव लिटर लागतं, आता एचपी किती लागणार ते पंखा, म्हणजे बोटीखालचा प्रोपेलर, ठरवतो, आणि पंख्याची मागणी आरपीएमच्या जवळपास घनाने वाढते. तुमच्यासारख्या बोटीत 2200 ला सात एचपीच्या आत भागतं, ताशी 1.7 लिटर, वेग 5 नॉट, म्हणजे ताशी 5 सागरी मैल. 2600 ला 6 नॉट मिळतात पण 2.9 लिटर जातं. अंतर 230 सागरी मैल धरा: 5 नॉटने 46 तास आणि 78 लिटर, 6 नॉटने 38 तास आणि 111 लिटर. 7 नॉटचा हट्ट धरलात तर 245 लिटर, म्हणजे रत्नागिरी मागे पडली की थोड्या वेळात टाकी ठणठणीत! कारण 28 फूट वॉटरलाइनच्या, म्हणजे पाण्याच्या रेषेवर तेवढी लांबी असलेल्या, बोटीचा हल स्पीडच, म्हणजे तिला सहज झेपणारा कमाल वेगच, 7.1 नॉट, त्याच्या जवळ गेलात की बोट स्वतःच्याच लाटेत अडकते आणि शेवटचा अर्धा नॉट डिझेल पिऊन टाकतो.

हे सगळे आकडे सपाट पाण्याचे आहेत बरं का. परतताना दुपारी वायव्येचा वारा तोंडावर आला की त्याच 2600 ला चार-साडेचार नॉट मिळाले तरी नशीब समजा, म्हणून पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर शिडाने जमेल तेवढं अंतर तोडा, आणि तिसरा हिस्सा टाकी राखीव ठेवा.

प्रश्न: त्याच साइजचं इंजिन, पण फुल थ्रॉटलला 2900 च्या वर जात नाही, काळा धूर. मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर बदला. पंखा 17×13 आहे, आधीच्या मालकाने ट्रॉलरवाल्याच्या सल्ल्याने बसवलेला.

इंजेक्टरला थोडं थांबा. पंखा जड असला की असंच होतं, टॉप गिअरमध्ये खंडाळ्याचा घाट चढवल्यासारखं. ट्रॉलरवाल्याचा सल्ला त्याच्या जागी बरोबर आहे, त्याला कमी वेगात जाळं ओढायचंय, पण त्याचं इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळा. 17×13 म्हणजे व्यास 17 इंच, पिच 13 इंच, म्हणजे पाणी घट्ट असतं तर एका फेऱ्यात बोट 13 इंच पुढे गेली असती. तुमचं इंजिन तेवढं पाणी ढकलू शकत नाहीये, डिझेल जातंय पण जळत नाहीये, तोच काळा धूर.

आधी न्यूट्रलमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून बघा, 3600 च्या वर सहज गेलं तर थ्रॉटलची केबल आणि डिझेल पंप बहुतेक ठीक. आरपीएम मीटरवर मात्र भरवसा नको, अल्टरनेटरवरून चालणारा मीटर पुली बदलली की बिनधास्त खोटं सांगतो, इंजिनच्या क्रँकशाफ्ट पुलीला चमकती पट्टी चिकटवून हातातल्या टॅकोमीटरने मोजा. मग तळ आणि पंखा खरवडून घ्या, आपल्या पाण्यात दोन-तीन महिन्यांत बार्नॅकल्स, म्हणजे घट्ट चिकटणारे कवचवाले समुद्री जीव, बसतात आणि तेवढ्यानेच दोनेकशे आरपीएम जातात. एक्झॉस्ट एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, पण काढून बघा, कार्बनने बुजला तरी हाच धूर. एवढं करून साधारण 3150 ला अडकलं तर दोष पंख्याचा. पिचचा एक इंच म्हणजे साधारण दीडशे ते दोनशे आरपीएम, तर 13 चा 11 करून आणा आणि परत ट्रायल घ्या, एकदम तीन इंच उतरवू नका. टाकी आणि पाणी भरलेलं, माणसं चढलेली, अशा बोटीने सपाट पाण्यात 3600 गाठलं की बस.

प्रश्न: तीन पात्यांचा फिक्स पंखा काढून फोल्डिंग, म्हणजे शिडावर पाती मिटणारा, घ्यावा का?

शनिवार-रविवार मांडव्याला जाऊन येणार असाल तर नको. शिडावर हलक्या वाऱ्यात अर्धा नॉट जास्त मिळेल हे खरं, पण फोल्डिंगच्या गिअरदातांत बार्नॅकल बसलं की एक पातं उघडतं, एक नाही, आणि बोट थरथरायला लागते. लांबचा प्रवास आणि नियमित साफसफाई, दोन्ही असेल तरच पैसे घाला. फिक्सच ठेवलात तर शिडावर गिअर कशात ठेवायचा ते गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये बघा, काहींना न्यूट्रलच चालतं.

प्रश्न: नांगरावर बॅटरी चार्ज करायला रोज दोन तास इंजिन आयडलवर. फार डिझेल जातं का?

डिझेल फार नाही, 100 अँपिअरचा अल्टरनेटर पूर्ण लोडवर तीन-साडेतीन एचपी मागतो, म्हणजे ताशी लिटरच्या आतच. पण आयडलवर तो तेवढं देतच नाही आणि इंजिन थंड राहून सिलिंडरच्या आतल्या भिंती चकचकीत, गुळगुळीत होतात, मग तेल जळायला लागतं. 200 वॅटचं सोलर पॅनल टाका, पावसाळा सोडला तर दिवसाला 60-70 अँपिअर-तास मिळतात.